पान एकशे बारा

तुळशीराम वानखडे, निवृत्त लाईनमन, मुक्काम येवदा,
दर्यापूरला आमच्या प्रेसमध्ये आला तेव्हा
लग्नपत्रिकांचा सीझन होता.
मीटर-रीडिंगच्या तीन जुन्या वह्या,
त्यांच्या कोऱ्या पाठींवर निळ्या शाईत कादंबरी.
म्हणाला, जशीच्या तशी टाइप कर पोरी.

जशीच्या तशी म्हणजे काय, कळलं नाही.
शुद्धलेखनात मला दहापैकी दहा.
घरी तहान लागली की पानी,
शाळेत लागली की पाणी,
दोन माठ वेगळे ठेवायला मी पाचवीतच शिकले होते.

त्याची नायिका येनू.
पडद्यावर ती बोलली की तिच्या शब्दाशब्दाखाली
लाल नागमोडी रेघ,
बोंडात अळी दिसावी तशी.
दोन रात्री मी फवारणी केली.
डोयाचा डोळा केला, सकायची सकाळ,
इहिरीला व लावला,
येनूची वेणू केली,
आणि जिथं तो श्वास घ्यायला विसरला होता
तिथं तिथं पूर्णविराम ठेवले,
नीट, पणत्यांसारखे.

प्रूफ त्यानं उभ्यानंच वाचलं.
चष्मा कपाळावर सारला.
"येनू कुठी गेली?"
मी वेणूवर बोट ठेवलं.
"हे नाई. हे कोनी दुसरीच बाई हाये.
हे इहिरीत वाकून पाहीन,
पन पानी नाई शेंदनार."

आमचा खारपाणपट्टा.
बोअरचं पाणी जिभेवर धरून पाहा,
त्यात ण विरघळत नाही,
तळाशी खडा होऊन बसतो.
हे तो म्हणाला नाही.
हे मला तिसऱ्या रात्री सुचलं,
एकेक ळ खुडताना.

अठराव्या प्रकरणात येनूचा नवरा खांबावर चढतो.
तिथं दीड पान टिंबच नाही,
खाली ते उभी हाये डबा घेऊन अन वर तो अन मधात तारा
अन तिकडं फिडरवर कोनी तरी हात ठेवते
अन तिले दिसते का तो हासून राह्यला
अन डबा अजून गरमच हाये अन

"टिंब कुठी देऊ, सांग," तो म्हणाला.
"मी खाली उभा होतो."

सगळ्या पणत्या विझवल्या मी.

आता मला मुद्दाम ओळखू यायला लागलं होतं.
म्हणून पान एकशे बारावर हात थांबला.
कादंबरीभर माय, माय, माय,
आणि तिथं एकदाच आई,
तीही ऱ्हस्व. आइ.
येनू नऊ वर्षांची, दवाखान्यातून बैलगाडी परत येते, ती ओळ.
किती वेळ बसले त्या अक्षराजवळ.
डोक्यावरचा पदर घसरलेलं अक्षर,
सावरायला हात उरलेला नाही.
आयुष्यच आखूड, तर दीर्घ कुठून आणायची?
नवऱ्याला उठवून सांगितलं.
तो म्हणाला, झोप.

छपाईच्या दिवशी न राहवून बोलले,
काका, बाकी सगळं असू द्या,
ही एक ऱ्हस्व म्हणजे कमालच केली तुम्ही.
त्यानं पान डोळ्यांजवळ नेलं.
कानाच्या पाळ्यांपर्यंत लाजला.
"चुकलं माह्यं ते. एकच शब्द पुस्तकातला घेतला,
तं नेमका तोच चुकला.
दीर्घ कर बाप्पा लवकर,
लोक काय मनतीन,
याले आईसुद्धा लिहिता येत नाई."

दीर्घ केली.

तोवर मशिनमधून चार प्रती निघून गेल्या होत्या.
रद्दीत टाक म्हणाला.

तीन टाकल्या.