रात्रपाळीची टोपी

आताकामा. ढग खाली, आपण वर.
वेधशाळेच्या फाटकापाशी बासिलिओ युक्रा टोपी विणत बसलाय,
पाच सुया, अल्पाकाची लोकर, गुडघ्याशी गॅसची शेगडी.
त्याच्या तळ्यातल्या बेटावर बायका कातणार, पुरुष विणणार,
आणि बाप सांगायचा : टोपीत पाणी ओत,
गळलं तर उसव.

पहाटे तीनला रेनाता घुमटातून खाली येते,
डोळे चुरचुरतायत, हातात थर्मास.
"विश्वाचा आकार शोधतोय आम्ही. समीकरणात मावतो,
डोळ्यांपुढे येत नाही.
बाहेर जाऊन बघावं, तर बाहेर असं काही नाहीच."

सुया थांबत नाहीत.
"टोपीवरच्या मुंगीला तरी कुठे बाहेर जाता येतं?
तिनं टाके मोजावेत.
मधोमध सुरुवात केली, ओळीगणिक हवे तेवढेच वाढवले,
तर ताटासारखं सपाट.
कमी वाढवले की कड आत वळते, डोकं मावतं.
आणि जास्त झाले तर..."
खोक्यातून तो एक फसलेलं विणकाम काढतो,
कोबीच्या पानासारखं, चुण्याच चुण्या.
"पोरगा शिकत होता. हात इथं, मन दुसरीकडे."

रेनाता चुण्यांवरून बोट फिरवते.
ओळींच्या जागी पापुद्रे घ्यायचे मग, चहूबाजूंनी, एकावर एक,
आणि दर पापुद्र्यात किती आकाशगंगा मावल्या ते मोजायचं.
डोळे मिटते. कांदा दिसतो.
पापुद्रे मोठे होत जातात, अजून मोठे,
मग बाहेर जाता जाताच लहान व्हायला लागतात,
शेवटचा, सगळ्यांच्या बाहेरचा,
ठिपक्याएवढा.
क्षणभर धरता येतं. मग सुईवरून टाका निसटावा तसं जातं.

"असं असलं," ती म्हणते, "तर सरळ पुढे बघत राहावं,
उजेडाला पुरेसा वेळ द्यावा,
शेवटी आपलीच पाठ दिसेल."

बासिलिओ हसतो. त्याच्या भाषेत
होऊन गेलेलं पुढे असतं, कारण ते दिसतं,
यायचं ते पाठीमागे, तिथे डोळे नाहीत म्हणून.
"म्हणजे तुमच्या त्या आरशात उद्या दिसणार?"

"नाही. दिसली तरी जुनीच पाठ. कधीचीच.
आणि आत्तापर्यंतच्या मोजणीत तरी
सगळं सपाटच भरतंय."

"लहान मुंगीला टोपी सपाटच वाटते," तो म्हणतो,
आणि शेवटचा टाका आवळून दोरा दातानं तोडतो.

टोपी उलटी धरतो. रेनाता थर्मास उघडते,
कोमट पाणी ओतते, काठापर्यंत.
दोघं वाकून
खालून बघत राहतात.