एक्केचाळीस शब्द

पारोळ्यात, वैशाखात, दुपारी सव्वादोनला
आप्पांनी कुरिअरचं बिल उघडलं.
कुरिअर कुणी पाठवलंच नव्हतं.
पण चौतीस वर्षं तलाठी राहिलेला माणूस
आलेला कागद न बघता कसा ठेवणार?

कूलर घरघरत होता. स्क्रीन आधी गोठली, मग लाल झाली.
अहिराणीचे दोन हजार सहाशे शब्द
लोटन आप्पांनी एका बोटानं टाइप केलेले,
फायलींची नावं तीच, शेपट्या भलत्याच,
एकही तोंड उघडेना.
कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत होतं,
खाली रक्कम, डॉलरमध्ये.

मी रुपये करून सांगितले.
आप्पांनी चष्मा पुसला. पुसतच राहिले. मग हसले:
"मन्हा शब्दस्ले इतला पैसा?
आजलोंग कोनी कपभर चहा बी नही पाजा."

तोवर मी नेटची वायर उपटली होती.
पैसे द्यायचे नाहीत, म्हटलं,
दिले तरी किल्ली मिळेलच असं नाही.

आई काहीच बोलली नाही.
आतून मडकं घेऊन आली,
ज्वारीचं बियाणं, निंबाचा पाला,
आणि पाल्यात भटूनं दिलेली डिस्क.
बियाणं कणगीत ठेवत नाहीत, एवढंच म्हणाली.
कणगीला टोके लागले तर पेरायचं काय?

भटू जळगावहून आला, सगळं पुसून नव्यानं वसवलं.
सात महिने आप्पा अपडेटला "नंतर" म्हणत होते,
ते त्यानं त्यांच्यासमोर मोजून दाखवलं.

डिस्कमध्ये आखाजीपर्यंतचं सगळं निघालं.
आखाजीनंतरचे एक्केचाळीस
कुठल्याच मडक्यात नव्हते.

आता मॉनिटरवर चिठ्ठी आहे, आप्पांच्या तलाठी अक्षरात:
"कोन शे ते इचार आधी, मंग कडी काढ."
दर बाजारच्या दिवशी डिस्क जोडतात,
भरतात, वायर काढतात,
आणि आई पाला बदलते.

एक्केचाळीसपैकी अडतीस आठवले,
काही जेवताना, एक तर दाढी करताना.
तीन जागा वहीत कोऱ्या आहेत.
एकीपुढे फक्त अर्थ लिहिलाय:
ऊन कललं की घराची लांबत जाणारी सावली.

ती रोज ओट्यावर येते,
पायरी उतरून रस्त्यापर्यंत जाते.
आप्पा बघत राहतात,
हिला हाक कशी मारायची ते आठवत.