वर अर्धा

एसेनकुल म्हातारा हीटर पाठीला बांधून आला
बाजारातल्या माझ्या लोखंडी कंटेनरपर्यंत.
"हा मेला," म्हणाला. "नुसता लालसर होतो."

मी मीटर घेऊन त्याच्या घरी गेले,
नारिन नदीपलीकडे, शेवटच्या खांबाशी.
संध्याकाळचे सात. खिडकीला आतून बर्फ.
प्लगमध्ये एकशे शहात्तर व्होल्ट.
वायरला चिमटा लावला: आठ अँपिअर.
भागाकार त्याच्याच टेबलावर,
सांडलेल्या पिठात, बोटानं.
बावीस ओहम.
नवा होता तेव्हाही बावीसच.

"चोख आहे हो. अडवायचं तेवढंच अडवतो.
तुमच्यापर्यंत पोचतंच कमी,
आधीच्या चौदा घरांत आत्ता रस्सा शिजतोय."

मग गुणाकार: चौदाशे आठ वॅट.
पत्र्यावर छापलेत बावीसशे.
म्हातारा जन्मभर लोकर विकलेला,
काटा मारलेला त्याला लगेच कळतो.
"दाब गेला पाचवा हिस्सा,
आणि ऊब तिसऱ्याहून जास्त?"
म्हटलं, घट दोनदा लागते,
एकदा दाबात, एकदा धारेत.
तो पीठ पुसत राहिला.

पैसे घेतले नाहीत. मीटर मात्र तिथेच विसरले.

रात्री अकराला फोन:
"बुरुल, दोनशे नऊ! सगळे झोपले!"
पांघरुणातच भागलं बावीसनं: साडेनऊ.
डोळे मिटूनच गुणलं:
एकोणीसशे पंच्याऐंशी, वर अर्धा.

पलीकडे किटलीचं झाकण वाजलं.
"तो वरचा अर्धा," म्हातारा म्हणाला,
"तुझा. सकाळी चहाला ये,
मीटरही घेऊन जा."