आगवाला

मलप्रभा पूर्वेला जाते.
खानापुरात आमच्या कुंभारगल्लीचं सगळं पाणी पूर्वेला जातं.
भरमाण्णा तेवढा पश्चिमेला गेला,
कापसाच्या गाडीवर, गठ्ठ्यांच्या वर बसून,
आंबोलीच्या घाटात उतरून चाकाला दगड लावत लावत
सहाव्या दिवशी वेंगुर्ल्याला.

आगबोटीचं नाव लेडी मार्गारेट.
खलाशी म्हणायचे मार्गू.
सारंग होता हसन मिरकर, रत्नांग्रीकडचा.
त्यानं दंड चाचपले नाहीत, डोळे बघितले.
आग कळते?
आव्यातली कळते.
तीच ती, सारंग म्हणाला, हिला फक्त पाय फुटलेत.

नारळी पौर्णिमेपासून मिरगाच्या तोंडापर्यंत
असे अकरा हंगाम.
चार तास आग, आठ तास झोप, परत चार तास आग.
वर डेकवर लुगड्यांचं गाठोडं उशाला घेतलेला शहापूरचा विणकर,
परीक्षेला निघालेला, सारखा ओकणारा धारवाडचा मुलगा,
टोपल्यांत कोंबड्या,
आणि त्या सगळ्यांना फुकट दिसणारा समुद्र.
खाली वाऱ्याच्या नळातून नुसते आवाज पडायचे,
मराठी, कानडी, कोंकणी,
पडता पडता एकमेकांत मिसळलेले.
एकदा एक पोर विचारत होतं,
आई, ही कशानं चालते?
आई म्हणाली, देवानं.
भरमाण्णानं भट्टीचं दार उघडलं
आणि आणखी एक फावडंभर देव आत टाकला.

हे सांगताना तो हसायचा नाही म्हणे.

जाताना धोतराच्या सोग्यात
मलप्रभेची मूठभर माती न्यायचा. का, ते कुणी विचारलं नाही.
एका रात्रपाळीत, विजयदुर्ग मागे पडल्यावर,
अंगठ्यानं दाबून त्यानं एक बुडकुलं केलं
आणि आगीच्या कडेला विटांवर ठेवलं.
खंगर झालं त्याचं. एक कूस वितळून काळी काच,
दुसरीवर अंगठा जसाच्या तसा.
लाल मिश्यांच्या गोऱ्या इंजिनेरानं ते चिमट्यानं उचललं,
उलटसुलट पाहिलं, शिवी दिली,
आणि निवल्यावर परत त्याच्याच हातात ठेवलं.

मग लोंढ्याहून रूळ आले.
बेळगावची माणसं खानापुरावरून, बसल्या जागी मुंबईला जायला लागली.
वेंगुर्ल्याच्या रस्त्यावरच्या चाकोऱ्या एका पावसात बुजल्या.
मार्गूनं दोन हंगाम अर्ध्या डेकानं फेऱ्या मारल्या.
पुढे कुणी म्हणालं मोडीत काढली,
कुणी म्हणालं नाव बदलून कोळसाच वाहते.
भरमाण्णानं चौकशी केली नाही.
कौलांचा आवा लावला.

गल्लीतली पोरं विचारायची, समुद्र कसा असतो?
गरम, म्हणायचा.
मध्यरात्री चढावर मालगाडी धापा टाकायला लागली
की हा अंथरुणात उठून बसायचा.
दाब कमी पडूलाय, म्हणायचा,
आणि गाडी चढ ओलांडेपर्यंत आडवा व्हायचा नाही.

त्याचं फावडं आहे अजून,
झिजून झिजून तोंड नखाएवढं राहिलेलं.
बुडकुलं विजेच्या बिलांवर ठेवतो, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून.
परवा एक पुण्याच्या बाई त्याची किंमत विचारत होत्या.
मी त्यांना दोन नवी सुरई दाखवली.

भट्टीला आता काटा आहे, अंश दाखवणारा.
तरी मी भोकातून बघतोच.
करवंदाचा रंग जातो, झेंडूचा येतो,
आणि त्याच्यापुढं एक रंग येतो, त्याला आमच्यात नाव नाही,
तो आला की हात आपोआप मागं येतो.
दारातून कुणीतरी हाक मारतं, काय करूलास बे एवढ्या रात्री?

आग बघूलो.