एक थांबा आधी

अमाल्फीची बस गच्च होती.
कुणाच्या तरी टोपीची कड
वळणावळणाला माझ्या गालात रुतत होती.
मी एक थांबा आधी उतरले.
ठरवून नाही, कंटाळून.

खाली एकशे बारा पायऱ्या.
मोजल्या, कारण दुसरं काही करायला नव्हतं.
मग दगडी धक्का, सहा होड्या, एक मांजर,
आणि खारट वासाची सावली.

नुन्झियांते जाळं शिवत बसला होता,
एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून,
जसं कुणी स्वतःलाच बांधून ठेवावं
उठून जाऊ नये म्हणून.
"चुकलीस?" त्यानं वर न बघता विचारलं.
"नाही बहुतेक."
त्यानं दुसरं टोक माझ्या हाती दिलं.

ताण. सैल सोड. ताण.
दोन तासांत एवढी इटालियन मला आली.

पलीकडे उंबऱ्यावर एर्सीलिया
मांदेळीची मावसबहीण शोभावी अशा मासळीची
मुंडकी नखानं उडवत होती.
एक थर मासळीचा, एक मिठाचा,
सगळ्यावर समुद्रातलाच एक धोंडा.
"कधी होणार?"
"नाताळला," ती म्हणाली. तेव्हा जून होता.

मी वहीत लिहिलं : इथे किती शांत आहे.
तिनं वाकून पाहिलं, अक्षरांना हसली,
काय लिहिलंस, म्हणाली. मी ओठांवर बोट ठेवून
सगळ्या गावाकडे हात फिरवला.
तिनं कमरेएवढी उंची दाखवली,
मग गुडघ्याएवढी,
मग चढावरच्या पिवळ्या इमारतीकडे बोट केलं.
घंटा होती. दोरी नव्हती.
मी वही मिटली.

दिवेलागणीला त्यांचा तुल्लियो आला,
पट्ट्यापट्ट्यांचा बनियन, गळ्यात लाल रुमाल,
दिवसभर पर्यटकांना गुहेतलं हिरवं पाणी दाखवून
घसा बसलेला.
खिशातली नाणी त्यानं मेजावर ओतली.
मी जिच्यातून पळून आले होते
ती गर्दी इथे रोज अशी येते,
खुर्द्यात.
एर्सीलियानं ती मोजली नाही,
कोपरानं बाजूला सारून पावाला जागा केली.

"उद्या येतेस? निम्म्या पैशात," तुल्लियो म्हणाला.
मग हळूच : "पाणी एवढंही हिरवं नाही."

"तिथं फार गर्दी असते," मी म्हणाले.

नुन्झियांतेनं पाव मोडला,
मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.
"असू दे," म्हणाला. "असू दे गं."