साळेपुरुगु

भाग्याचा फोन आला तेव्हा इथे पाच वाजले होते,
खारी चहात तुटून तळाला गेलेली.
तिकडे ब्रिस्बेनला साडेनऊची रात्र.
"पप्पा, हलू नका," ती म्हणाली,
जणू मीच तिच्या भिंतीवर होतो.

मग तिनं कॅमेरा फिरवला.

न्हाणीघर. पांढऱ्या फरशा, कुठं डाग नाही,
आणि दांडीवर आपला टॉवेल,
तीस बाय साठ, निळी किनार,
माझ्या मागावरून उतरलेल्या शेवटच्या डझनातला.
टॉवेलच्या वर, हाताच्या पंजाएवढा,
तपकिरी, केसाळ,
आठ पाय पसरून तो असा बसलेला
जसा शेठ कापडावर पंजा ठेवतो,
दाबून, दोष शोधत.

मी घाबरलो नाही असं म्हणणार नाही.
बशी लवंडली.

"विषारी आहे का बे?"
"नाही म्हणतात. शेजारची म्हातारी म्हणाली,
राहू दे, झुरळं खातो."
"मग जाळं कुठंय त्याचं?"
"तो विणतच नाही, पप्पा.
फिरतो. पळतो. धरून खातो.
इथे त्याला शिकारी म्हणतात."

न विणणारा!
हे पचायला मला दोन दिवस लागले.

आमच्या घरच्या तेलुगूत त्याला साळेपुरुगु म्हणतात,
साळ्याचा किडा.
साखर पेठेत वडील खड्डामागावर बसायचे,
पाय जमिनीत, धोटा हातात,
आणि कोपऱ्यातलं जाळं झाडू द्यायचे नाहीत.
"आपल्यातलाच आहे," म्हणायचे,
"त्याचा ताणा कशाला तोडता?"
शाळेत गेलो तर मराठीत तोच कोळी निघाला.
मला वाटलं, बिचाऱ्यानं धंदा बदलला,
माग विकून होडी घेतली.
जाळं तरी हातात राहिलं.

आता इंग्रजीत गेला, आणि तेही गेलं.

माझे चार माग भंगारात गेले, किलोवर.
गॅसकटरवाला पोरगा विचारत होता,
"काका, बोल्ट ठेवायचे का?"
कशाला ठेवायचे?
शेडच्या फरशीत भोकं तेवढी आहेत,
ही त्यात फिनेल ओतते, मुंग्या येतात म्हणून.
भाग्यानं लहानपणी कांड्या भरल्या, बोटं चिरेपर्यंत.
मीच म्हणालो होतो, यातलं काही शिकू नकोस.
तिनं ऐकलं.
म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्यात रात्रपाळ्या करते,
वर्षात तीन घरं झाली,
दोन बॅगा, एक कुकर, शेंगाचटणीची बरणी.

पुढच्या रविवारी विचारलं,
"काय करलालाय तुझा तो?"
"आज शेगडीमागे होता. मी ओरडले नाही."
"त्याला साळेपुरुगु म्हणू नकोस हं."
"मग काय म्हणू?"
"भाडेकरू म्हण."
ती हसली. "आणि मग मी कोण, पप्पा?"
लाईन खरखरली,
की मीच गप्प बसलो,
आता आठवत नाही.

काल मेसेज आला.
इथे रात्रीचे नऊ, म्हणजे तिच्याकडे दीड.
ही पोर अजून जागी.
"तीन दिवस झाले. भाडेकरू दिसत नाही.
टॉवेलमागे पण पाहिलं."
हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "सुटली."
आणि कडक भाकरी मोडून आमटीत टाकत राहिली.

सोलापूरचा मे. नऊ वाजले तरी भिंत भाजते.
मी उठलो, मोरीत गेलो,
दिवा न लावता
दोरीवरचा टॉवेल हलकेच उचलून
मागे पाहिलं.