ओळखीची खूण

मस्कतहून आलेला फोटो घेऊन
रबाळ्याचे हवालदार दारात.
"हा इसम तुमचाच ना?"

पासपोर्ट ठेकेदाराच्या कपाटात,
ठेकेदार पसार,
आणि वकिलातीला खात्री हवी
की रोहिदास मढवी
ऐरोलीच्या दिवागावचाच.

गाल आत गेलेले. केस पांढरे.
सहा वर्षं फोनवर
आवाजाचं वय कळलंच नाही.

शाळेचा दाखला काढला:
हनुवटीवर व्रण.
फोटोत तिथे दाढी.

हवालदारांनी पाणी पिऊन घड्याळ पाहिलं.
मी म्हटलं, कान बघा,
आणि भिंतीवरच्या सासऱ्यांकडे बोट केलं.

सही केली.
आता त्याला एक पांढरा कागद मिळेल,
एकदाच चालणारा,
फक्त इकडे येण्यापुरता.
परत जायची सोय त्यात नाही, म्हणाले.

मी दोनदा विचारून घेतलं.